खरेदी बिलांची मिळवणी: नियमांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

भोसरी एमआयडीसीतील एका खासगी मर्यादित कंपनीच्या खरेदी बिलांची मिळवणी संगणकावर बसवण्याचे काम आज हाती घेतले. कंपनी वाहनांसाठी यंत्रभाग तयार करते. कास्टिंग, बार, कटिंग टूल, कूलंट, पॅकिंगचे बॉक्स असा माल लहानमोठ्या अनेक पुरवठादारांकडून येतो. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर मागील महिन्याची जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी आपल्या नावे दाखवलेल्या बिलांची यादी, बोलताना टू-बी) तयार होते आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे मासिक विवरणपत्र भरायचे असते. मधल्या दिवसांत लेखा विभाग बाकीची कामे बाजूला ठेवून खरेदी रजिस्टर आणि टू-बी यांचा एकेका बिलानुसार मेळ घालतो. ज्या बिलाचा मेळ लागत नाही, त्यावरील इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) त्या महिन्यात घेता येत नाही आणि तेवढी रक्कम कंपनीला रोखीने भरावी लागते.

या कामासाठी एका विक्रेत्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी तयार प्रणाली संचालकांना दाखवली होती. बिलाचा फोटो दिला की प्रणाली तो वाचते, रजिस्टरमधील नोंद शोधते आणि दोन्हींच्या जुळणीला शंभरपैकी गुण देते. संचालकांनी माझे मत विचारले, तेव्हा मी केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १६(२) त्यांच्यापुढे ठेवले. क्रेडिट मिळण्यासाठी खरेदीदाराच्या हाती कर बीजक असले पाहिजे, माल त्याला मिळालेला असला पाहिजे, पुरवठादाराने कर सरकारकडे भरलेला असला पाहिजे आणि खरेदीदाराने स्वतःचे विवरणपत्र दाखल केलेले असले पाहिजे, अशा अटी तिथे आहेत. १ जानेवारी २०२२ पासून त्यात आणखी एका अटीची भर पडली. पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवलेले असले पाहिजे. यातील प्रत्येक अटीचे उत्तर होय किंवा नाही असेच येते. उद्या खात्याची नोटीस आली आणि अमुक बिलावर क्रेडिट का घेतले असे विचारले गेले, तर जुळणीला ९३ गुण मिळाले होते हे उत्तर चालणार नाही. कोणत्या अटी कोणत्या कागदावरून पूर्ण झाल्या, हेच दाखवावे लागेल. संसदेने जे काम आधीच नियमांच्या रूपात लिहून दिले आहे, त्याचा अंदाज बांधायला दुसरे यंत्र कशाला हवे, असे माझे ठाम मत आहे. संचालकांना ते पटले. प्रोग्रॅम पायथॉन या भाषेत लिहायचा, नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवायच्या आणि निर्णय घेणारी प्रत्येक ओळ वाचता येईल अशी ठेवायची, असे ठरले.

२० जून २०२५

आजचा दिवस लेखा विभागात काढला. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो. मेळ घालताना त्या नेमके काय पाहतात, हे शेजारी बसून लिहून घेतले. “अहो, यात लिहिण्यासारखं काय आहे? नजरेलाच कळतं,” असे त्या सुरुवातीला म्हणाल्या. मात्र प्रत्येक बिलापाशी थांबून मी “हे कशावरून कळलं?” असे विचारत गेलो, तेव्हा दर वेळी त्यांच्याकडे स्पष्ट कारण निघाले. या पुरवठादाराच्या बिल क्रमांकापुढे आर्थिक वर्ष असते आणि आमच्याकडे नोंद करताना ते गाळले जाते. तो दुसरा पुरवठादार वाहतूक खर्चाचे वेगळे बिल करतो आणि आमच्याकडे दोन्ही एकाच व्हाउचरमध्ये जातात. तिसरा पुरवठादार दर तिमाहीला विवरणपत्र भरतो, म्हणून त्याचे बिल या महिन्यात शोधायचेच नसते.

वर्षानुवर्षांच्या सरावाने ताईंच्या नजरेत बसलेल्या या गोष्टी शेवटी वाक्यांत सांगता येतात, हे संध्याकाळपर्यंत त्यांनाही जाणवले. जी गोष्ट वाक्यात सांगता येते ती प्रोग्रॅममध्ये लिहिता येते, आणि जी येत नाही ती ताईंपुढेच जाईल, ही या प्रकल्पाची हद्द आजच आखून घेतली. नियमांची वही मराठीत ठेवायची, प्रत्येक नियमाला क्रमांक द्यायचा आणि कोडमध्येही तोच क्रमांक वापरायचा.

२७ जून २०२५

माहिती आत घेण्याचे मार्ग पक्के केले. टॅली प्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर सुरू असताना ९००० या पोर्टवर एक्सएमएलमधून केलेल्या मागणीला उत्तर देते. खरेदीची व्हाउचरे तिथूनच घेतली जातील. पोर्टलवरून टू-बीची जेसन फाइल उतरवली जाईल. दोन्हींच्या मध्ये एक्सेल कुठेही येणार नाही, यावर मी विशेष भर दिला आहे. १२-२४ असा बिल क्रमांक सीएसव्हीतून एक्सेलमध्ये उघडला की तो डिसेंबर २०२४ होऊन बसतो, ००४५ चे ४५ होतात आणि पंधरापेक्षा जास्त अंकांच्या संख्येतील पुढचे अंक शून्य होतात. पाहणाऱ्याला यातले काहीच खटकत नाही, कारण पडद्यावर सगळे नीटनेटके दिसते. बिल क्रमांक ही मोजण्याची संख्या नसून नाव आहे. म्हणून तो शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच ठेवायचा.

एकाच बिलाची दोनदा नोंद होऊ नये यासाठी डेटाबेसमध्येच अट घातली. जीएसटी नियम ४६ नुसार बिल क्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा असतो आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा वापरता येत नाही. म्हणून पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक या तिघांचे मिळून एकच बिल होते, आणि दुसरी नोंद डेटाबेस स्वीकारतच नाही. यामुळे प्रोग्रॅम चुकून दोनदा चालला तरी नोंदी दुप्पट होत नाहीत. आपोआप चालणाऱ्या कोणत्याही कामात मला हा गुण वेगापेक्षा मोलाचा वाटतो. वीज गेली किंवा नेट तुटले तर काम अर्ध्यावर थांबणारच. ते कसलीही भीती न बाळगता पुन्हा सुरू करता आले पाहिजे.

४ जुलै २०२५

जीएसटीआयएनची तपासणी लिहून झाली. या पंधरा अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरे पॅनची, तेरावे त्याच पॅनवरील नोंदणीचे, चौदावे सहसा झेड आणि पंधरावे पडताळणीचे अक्षर. हे शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून काढता येते. अंकांना त्यांचीच किंमत आणि ए ते झेड या अक्षरांना १० ते ३५ अशी किंमत द्यायची. डावीकडून एकाआड एक १ आणि २ ने गुणायचे. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज करायची. उदाहरणार्थ, चौथ्या जागी के असेल तर त्याची किंमत २०, दुप्पट ४०, ३६ ने भागल्यावर भागाकार १ व बाकी ४, म्हणून ५. अशा चौदा बेरजांच्या एकूण संख्येला ३६ ने भागून जी बाकी उरेल ती ३६ मधून वजा केली की पडताळणीच्या अक्षराची किंमत मिळते. बाकी शून्य असेल तर ते अक्षरही शून्यच.

ही रीत अशी आहे की कोणत्याही एका जागचे अक्षर चुकले तर ते हमखास पकडले जाते. हाताने नोंद करताना शून्याच्या जागी ओ, एकच्या जागी आय, पाचच्या जागी एस अशाच चुका होतात आणि त्या सगळ्या इथे अडतात. एवढी खात्री देणारे हे काम कोडच्या जेमतेम दहा-बारा ओळींत होते, आणि ज्याला शंका असेल त्याने कागदावर आकडेमोड करून पाहावी.

१५ जुलै २०२५

काल टू-बी आली आणि आज जून महिन्याच्या बिलांवर जुळणीचे नियम चालवून पाहिले. सर्वांत जास्त विचार बिल क्रमांकांवर करावा लागला. पुरवठादाराच्या विवरणपत्रात एबी/००४५/२५-२६ असलेला क्रमांक आमच्या टॅलीत एबी-४५ असतो, एबी/४५ असतो किंवा नुसता ४५ असतो. नियम ४६ प्रमाणे क्रमांकात अक्षरे आणि अंक यांखेरीज फक्त आडवी रेघ आणि तिरपी रेघ चालते, त्यामुळे या दोन रेघा काढून उरलेला मजकूर जोडावा, असा सोपा मार्ग अनेक तयार साधनांत दिसतो. मी तो घेतला नाही. १/११ आणि ११/१ ही दोन वेगळी बिले त्या मार्गाने एकच होतात. त्याऐवजी क्रमांकाचे रेघांपाशी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातील पुढची शून्ये काढायची, २५-२६ किंवा २०२५-२६ असे बिलाच्या तारखेशी जुळणारे आर्थिक वर्षाचे तुकडे वगळायचे आणि मग तुकड्यांचा क्रम तसाच ठेवून तुलना करायची, असा नियम लिहिला.

जुळणीच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम आणि कर हे सर्व तंतोतंत जुळले तर पहिली. क्रमांक वरच्या नियमाने जुळला आणि बाकी सर्व तंतोतंत असेल तर दुसरी. क्रमांक जुळला, पण तारखेत किंवा रकमेत फरक असेल तर तिसरी, आणि ही पायरी प्रोग्रॅम स्वतः मंजूर करत नाही. फरक कोणत्या रकान्यात आणि किती, हे लिहून तो बिल ताईंपुढे ठेवतो.

अक्षरांमधील अंतर मोजून जवळचा क्रमांक शोधावा, अशी सूचना एका मित्राने केली. लेव्हेनश्टाइन अंतराची ही रीत शब्दांतील चुका शोधण्यासाठी उत्तम आहे, पण बिलांसाठी ती घातक ठरेल. ४५१ आणि ४५७ यांच्यात एकाच अंकाचा फरक आहे. दोन्ही बिले एकाच पुरवठादाराची, एकाच आठवड्यातील आणि एकाच मालाची असू शकतात, आणि दर महिन्याला तेवढाच माल मागवला जात असेल तर रक्कमही एकच. तरीही ती दोन बिलेच आहेत. हिशेबात जवळपास असणे हा पुरावा होत नाही. साम्यावर चालणाऱ्या यंत्राला या कामात आणण्याबद्दल माझा मुख्य आक्षेप हाच आहे. असे यंत्र जिथे चुकते तिथेही त्याचे उत्तर अगदी पटण्यासारखे असते.

२२ जुलै २०२५

आजचे काम पैशांच्या हिशेबाचे होते. सर्व रकमा डेटाबेसमध्ये पूर्णांकी पैशांत साठवल्या जातील आणि गुणाकार पायथॉनच्या डेसिमल प्रकारात होतील, कारण संगणकाच्या नेहमीच्या दशांशी संख्येत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. अर्ध्याच्या बाबतीतही सावध राहावे लागते. पायथॉनचे स्वतःचे राउंड हे फंक्शन २.५ चे २ करते, कारण ते जवळच्या सम संख्येकडे झुकते. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० मात्र सांगते की पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पूर्ण रुपया धरावा. म्हणून अर्धा नेहमी वर, हा नियम स्पष्ट लिहून टाकला.

ताईंनी एक बारकावा दाखवला. काही पुरवठादार बिलातील प्रत्येक ओळीवर कर काढून तो पैशात बसवतात आणि मग बेरीज करतात, तर काही आधी बेरीज करून एकदाच कर काढतात. ४५ रुपये ५ पैशांच्या तीन ओळी घेतल्या तर ९ टक्क्यांनी प्रत्येकीवर ४ रुपये ५ पैसे, एकूण १२ रुपये १५ पैसे होतात. एकत्र १३५ रुपये १५ पैशांवर काढले तर १२ रुपये १६ पैसे येतात. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत आणि फरक एका पैशाचा आहे. असा फरक सोडून द्यायचा की नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवू नये. म्हणून दर बिलामागे एक रुपयापर्यंतचा कराचा फरक मान्य करावा, हा निर्णय संचालकांकडून लेखी घेतला आणि वहीत त्यांच्या सहीसह चिकटवला. फरक मान्य झाला तरी क्रेडिट टू-बीतील आकड्याइतकेच घ्यायचे आणि उरलेले पैसे राउंड ऑफ लेजरला जातील.

५ ऑगस्ट २०२५

माल मिळाला की नाही, ही अट आता प्रोग्रॅममध्ये आली. गेटवर चलनाची नोंद होते, स्टोअरमध्ये जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) तयार होते, गुणवत्ता विभाग तपासणी करतो आणि मगच स्वीकारलेली संख्या ठरते. पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तिन्हींची संख्या व दर जुळल्याशिवाय बिल पुढच्या अवस्थेत जात नाही. ५०० कास्टिंगचे बिल आले आणि त्यातील १२ तपासणीत नाकारली गेली, तर बिल “क्रेडिट नोटेची वाट” या अवस्थेत थांबते आणि पुरवठादाराला जाणाऱ्या पत्रात जीआरएन क्रमांक, नाकारलेली संख्या आणि कारण आपोआप भरले जाते. पत्राचा मजकूर ठरलेला आहे आणि फक्त रिकाम्या जागा बदलतात. पत्र दर वेळी नव्या शब्दांत लिहून देणारे साधन लावायचे का, असा प्रश्न निघाला होता. पुरवठादारालाही ओळखीचे, एकसारखे पत्र आले की त्यातील आकडा चटकन सापडतो, म्हणून साचाच बरा.

कास्टिंग बहुधा हप्त्यांत येतात आणि बिल मात्र एकच असते. कलम १६(२) खालील पहिल्या परंतुकाप्रमाणे अशा वेळी शेवटचा हप्ता मिळाल्यावरच क्रेडिट घेता येते. स्टोअर सांभाळणारे मामा हे हप्ते आजवर वहीच्या समासात टिपत आले आहेत. आता प्रत्येक हप्त्याची वेगळी जीआरएन त्याच ऑर्डरला जोडली जाईल. मामा संगणकावर मराठी कळफलक वापरतात, त्यामुळे काही चलन क्रमांक मराठी अंकांत आहेत. पायथॉन मराठी अंकांतील २७ चीही संख्या बरोबर ओळखते, पण मजकूर म्हणून तुलना केली तर मराठी अंक आणि इंग्रजी अंक वेगळे ठरतात. तुलनेआधी सर्व अंक एकाच लिपीत आणण्याची पायरी घातली आणि मामांना कळफलक बदलायला सांगितले नाही. माणसाची सवय मोडण्यापेक्षा एक ओळ कोड लिहिणे केव्हाही स्वस्त.

११ ऑगस्ट २०२५

बिले वाचण्याचा प्रश्न फोटो वाचणाऱ्या प्रणालीशिवाय सुटला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या पुरवठादारांना व्यावसायिक ग्राहकांसाठी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक आहे आणि त्या बिलावर क्यूआर कोड असतो. त्या कोडमध्ये पुरवठादार व खरेदीदार यांचे जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन (वर्गीकरण क्रमांक) आणि ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) एवढी माहिती असते. शिवाय नोंदणी पोर्टलची डिजिटल स्वाक्षरी असते. स्वाक्षरी पडताळली की माहितीत कोणी फेरफार केलेला नाही हे गणिताने सिद्ध होते. स्टोअरच्या टेबलावर द्विमितीय कोड वाचणारा स्कॅनर बसवला. साध्या बारकोड गनने हे होत नाही. मामांनी आज आलेली बिले स्वतः स्कॅन केली.

ज्यांच्या बिलावर असा कोड नसतो ते पुरवठादार लहान आहेत. त्यांची बिले पूर्वीप्रमाणे हाताने नोंदवली जातील, पण बिलाच्या ओळींची बेरीज आणि जीएसटीआयएन यांची तपासणी झाल्याशिवाय नोंद जतन होणार नाही.

१८ ऑगस्ट २०२५

जुलैच्या टू-बीवर ताईंची हाताने केलेली मिळवणी आणि प्रोग्रॅमची मिळवणी अशा दोन्ही समांतर चालवल्या आणि फरकाची बिले एकेक करून तपासली. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादारांची बिले अपेक्षेप्रमाणे “वाट पाहा” या अवस्थेत गेली. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीची जीएसटीआर-१ भरण्याची मुदत १३ ऑक्टोबर आहे, त्यामुळे ही बिले १४ ऑक्टोबरच्या टू-बीत दिसायला हवीत, आणि प्रोग्रॅम ती तारीख बिलासमोर लिहितो. पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफ या पोर्टलवरील ऐच्छिक यादीतून बिले आधी देण्याची सोय या पुरवठादारांना असते. ताई त्यांना फोन करून ती वापरायला सांगत आहेत. फोन ताईंनीच करायचा, हे मी बदलणार नाही.

इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टमबाबतही आज निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आलेल्या या सोयीत प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येते, आणि काहीच केले नाही तर ते स्वीकारलेले मानले जाते. प्रोग्रॅम प्रत्येक बिलासाठी शिफारस आणि नियम क्रमांक देईल, पण बटण ताई दाबतील. बिल नाकारल्याचा परिणाम पुरवठादाराच्या हिशेबावर होतो आणि तो संबंध सांभाळण्याची जबाबदारी माणसाची आहे.

४ सप्टेंबर २०२५

काल जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत दरांची फेररचना जाहीर झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू होणार आहेत. आमच्या खरेदीपैकी तयार घेतले जाणारे वाहनांचे सुटे भाग २८ टक्क्यांवरून १८ वर आणि कोरुगेटेड बॉक्स १२ वरून ५ वर येतील. दरांचा तक्ता सुरुवातीपासूनच “या तारखेपासून, या तारखेपर्यंत” अशा दोन रकान्यांसह ठेवला असल्याने कोडला हात लावावा लागला नाही. जुन्या ओळींना शेवटची तारीख दिली आणि नव्या ओळी जोडल्या. जुन्या बिलांवर शिकवलेल्या यंत्राला २८ टक्के हाच नेहमीचा दर वाटत राहिला असता आणि तो बदलला आहे हे त्याला पटवायला नवी बिले जमा होईपर्यंत थांबावे लागले असते. तक्त्याला ते एका ओळीत सांगता आले.

खरा प्रश्न संक्रमणाचा आहे. माल २० तारखेला निघाला, बिल २३ ला झाले आणि पैसे ऑक्टोबरमध्ये गेले, तर दर कोणता? याचे उत्तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे आणि ते वाचताना मला फार आनंद झाला, कारण ते कलम म्हणजे निर्णयाचा तक्ताच आहे. पुरवठा, बिल आणि पैसे मिळणे या तीन घटनांचा विचार करून कायदा सहा प्रसंग मांडतो. ते नीट तपासले तर असे दिसते की तीनपैकी ज्या बाजूला किमान दोन घटना, त्या बाजूचा दर. वरच्या उदाहरणात बिल आणि पैसे दोन्ही बदलानंतरचे, म्हणून नवा दर. बिल १९ चे असते तर पुरवठा आणि बिल आधीचे, म्हणून जुना. तीन घटना आणि प्रत्येकीच्या दोन बाजू मिळून आठ शक्यता होतात. कलमातील सहा आणि उरलेल्या दोन, म्हणजे तिन्ही आधी किंवा तिन्ही नंतर, ज्यांबद्दल वाद असण्याचे कारणच नाही. आठही शक्यतांसाठी चाचण्या लिहिल्या आणि कंपनीच्या सीएंना वाचायला दिल्या. त्यांनी प्रत्येक ओळीपुढे कलमाचे पोटकलम लिहून कागद परत पाठवला. ज्यांना कोड येत नाही त्यांना कोडचा निर्णय असा तपासता येणे, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ वाटते.

२४ सप्टेंबर २०२५

परवा घटस्थापनेपासून नवे दर सुरू झाले. एका पुरवठादाराने बॉक्सच्या बिलात जुनाच १२ टक्के दर लावला होता. माल, बिल आणि पैसे तिन्ही २२ तारखेच्या पुढचे असल्याने प्रोग्रॅमने बिल रोखले, नियम क्रमांक आणि तक्त्यातील ओळ दाखवली, आणि ताईंनी ते दुरुस्तीसाठी परत पाठवले. दुपारपर्यंत दुरुस्त बिल आले.

१० ऑक्टोबर २०२५

देय तारखांचा भाग पूर्ण झाला. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते आणि पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती व्हावी लागतात. नाही तर आर्थिक वर्षाअखेर राहिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. ही सगळी साधी तारखांची बेरीज आहे. रोज सकाळी सात वाजता विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून प्रोग्रॅम चालतो आणि पुढच्या आठवड्यात मुदत संपणाऱ्या बिलांची यादी ताईंच्या आणि संचालकांच्या मेलवर जाते. भोसरीतील लहान जॉबवर्कवाल्यांना (दुसऱ्यांच्या मालावर काम करून देणाऱ्यांना) वेळेवर पैसे मिळणे म्हणजे त्यांच्या कामगारांचा पगार वेळेवर होणे. या यादीवर माझा जीव आहे तो त्यासाठी.

१७ ऑक्टोबर २०२५

सप्टेंबरच्या टू-बीची मिळवणी प्रोग्रॅमने केली. तिमाही पुरवठादारांची बिले बहुतेक सगळी आली. जी आली नाहीत त्यांची यादी बिलाच्या तारखेसह वेगळी निघाली. ताईंचे दिवस आता फक्त तिसऱ्या पायरीच्या आणि रोखलेल्या बिलांवर जातात, आणि त्यांच्या मते पूर्वीही खरा विचार त्याच बिलांवर करावा लागत होता, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ उरत नव्हता.

प्रत्येक निर्णयाची नोंद वेगळ्या तक्त्यात राहते. बिल, नियम क्रमांक, नियमाची आवृत्ती, निर्णयाची वेळ आणि माणसाने निर्णय बदलला असेल तर त्याचे कारण. या तक्त्यात ओळ जोडता येते, पण बदलता किंवा पुसता येत नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफारांची नोंद ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि तीच शिस्त इथेही पाळली आहे. सीएंनी नमुन्यादाखल काही बिले निवडून त्यांचा माग उलटा काढला आणि प्रत्येक वेळी ते जीआरएनपर्यंत पोचले.

३ नोव्हेंबर २०२५

नियमांची वही छापून ताईंच्या, मामांच्या आणि सीएंच्या हाती दिली. नियम बदलायचा असेल तर आधी वहीत वाक्य बदलायचे, त्यावर संचालकांची सही घ्यायची, त्या वाक्यासाठी चाचणी लिहायची आणि मगच कोड बदलायचा, असा क्रम ठरला आहे. ३० नोव्हेंबर ही मागील आर्थिक वर्षाच्या राहिलेल्या क्रेडिटची शेवटची तारीख असल्याने २०२४-२५ मधील न जुळलेल्या बिलांची यादी आज काढली आणि ताईंनी तिच्यावर काम सुरू केले.

पुढचा टप्पा जॉबवर्कच्या चलनांचा. बाहेर पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आल्या पाहिजेत, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १४३ सांगते. त्यातून साचे, जिग आणि फिक्स्चर वगळलेले आहेत आणि नेमक्या त्याच वस्तूंची नोंद स्टोअरमध्ये कच्च्या मालाबरोबर होते. पुढच्या आठवड्यात मामांबरोबर बसून ती नोंद आधी वेगळी करायची आहे.